गाळाची ट्रॉली भरण्याआधी एक बाटली भरून पाहा

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातले अडखळणं-बिडखळणं तेवढं काढून टाकलंय, बाकी बहुतेक तसंच आहे.

आजचा विषय गाळ. उन्हाळा लागला की आपल्या वऱ्हाडात गावतलाव, बंधारे आटतात, पोकलेन उतरतं आणि गाळाच्या ट्रॉल्या वावराकडं निघतात. २०१७ साली राज्य सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली. मूळ योजनेत गाळ वावरापर्यंत वाहून न्यायचा खर्च शेतकऱ्याचा होता. म्हणजे डिझेल आपलं, ट्रॅक्टरचं भाडं आपलं. मग प्रश्न साधा आहे: ट्रॉलीत नेमकं काय चाललंय? चिकणमाती, पोयटा की नुसती बारीक रेती? वाळलेला गाळ लांबून सगळा सारखाच दिसतो. पैसे मोजण्याआधी हे कळायला हवं की नाही?

कणांची नावं त्यांच्या आकारावरून पडतात. शेतीच्या मातीत ०.०५ मिलिमीटरच्या वरचा कण म्हणजे रेती, ०.००२ ते ०.०५ म्हणजे पोयटा आणि ०.००२ च्या खालचा म्हणजे चिकणमाती. बांधकामवाल्यांच्या भारतीय मानकात रेतीची हद्द ०.०७५ मिलिमीटरवर धरतात. या हद्दीला कारण आहे. रेती मोजायला चाळण्या असतात, एकावर एक रचलेल्या, वर ४.७५ मिलिमीटरची आणि खाली उतरत उतरत ७५ मायक्रॉनची, म्हणजे ०.०७५ मिलिमीटरची. घरी रव्याची आणि मैद्याची चाळणी वेगळी असते, तसंच. पण ७५ मायक्रॉन म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढं भोक. त्याखालचे कण नेहमीच्या चाळणीनं वेगळे करता येत नाहीत. मग तिथं पाणी कामाला येतं. कण पाण्यात किती वेगानं बुडतो हे मोजायचं आणि त्यावरून आकार काढायचा.

यामागचं सूत्र जॉर्ज स्टोक्स या आयरिश शास्त्रज्ञाचं. १८५१ च्या त्याच्या निबंधाचा मूळ विषय होता लंबक. हवा लंबकाला किती अडवते याचा हिशेब तो करत होता. त्याच हिशेबातून पाण्यात पडणाऱ्या बारीक गोळ्याचा वेग निघाला. गंमत अशी की कणाचा व्यास दुप्पट केला तर वजन आठपट होतं, पण त्याच वेगाला पाण्याचा अडथळा फक्त दुप्पट होतो. म्हणून बुडण्याचा वेग चौपट होतो. व्यास दसपट, तर वेग शंभरपट.

आता आकडे बघा. पाणी २० अंश सेल्सिअस आणि कण नेहमीच्या दगडी खनिजाचा, पाण्याच्या २.६५ पट जड, असं धरू. ०.१ मिलिमीटरची बारीक रेती सेकंदाला साधारण ७ ते ८ मिलिमीटर बुडते. ०.०१ मिलिमीटरचा पोयटा सेकंदाला ०.०९ मिलिमीटर. आणि ०.००२ मिलिमीटरच्या कणाला १० सेंटिमीटर खाली जायला जवळपास पावणेआठ तास लागतात.

एक सावधगिरी मात्र हवी. स्टोक्सचं सूत्र ०.१ मिलिमीटरपर्यंतच बऱ्यापैकी चालतं. १ मिलिमीटरच्या रेतीला ते सेकंदाला ९० सेंटिमीटर वेग सांगतं, प्रत्यक्षात तो १२-१३ सेंटिमीटरच्या आसपास असतो. मोठ्या कणामागं पाण्यात भोवरे तयार होतात आणि ते त्याला मागं ओढतात. त्यामुळं भरड रेतीला चाळणी आणि बारीक कणांना पाणी, अशी कामाची वाटणी ठरलेली आहे.

हे सगळं तलावाला लावून बघू. आमच्या तिवसा तालुक्याच्या पूर्वेला वर्धा नदी. ती मुलताईकडून, सातपुड्यातून येते, मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणात अडते आणि पुढं कौंडण्यपूरवरून जाते. समजा धरणाच्या फुगवट्यात पाणी सेकंदाला १० सेंटिमीटर या चालीनं पुढं सरकतंय. कण एक मीटर खाली बसेपर्यंत किती दूर जाईल? अर्ध्या मिलिमीटरची रेती दीड मीटरच्या आतच बसते. ०.१ मिलिमीटरची १३ मीटरवर. ०.०१ मिलिमीटरचा पोयटा एक किलोमीटरच्या थोडं पुढं. आणि ०.००२ मिलिमीटरची चिकणमाती जवळपास २८ किलोमीटरवर! खऱ्या नदीत पाणी ढवळलं जातं, त्यामुळं हे आकडे ढोबळ आहेत, पण क्रम हाच राहतो.

म्हणून गावतलावातसुद्धा नाला जिथं आत येतो तिथं रेती-गोटे सापडतात आणि भिंतीकडं चिकण गाळ. लहान तलावात चिकणमाती वाहत्या पाण्यात बसतच नाही, पूर थांबून पाणी निवांत झाल्यावर बसते. म्हणून एकाच जागी खणलं तरी थर सापडतात: प्रत्येक पुराचा भरड माल खाली, बारीक वर. त्यामुळं नमुना एका ठिकाणचा घेऊ नका. चार जागांवरून आणि वेगवेगळ्या खोलीवरून घ्या, आणि जागेप्रमाणं वेगळा ठेवा.

आता बाटली. सरळ बाजूंची, पारदर्शक बाटली घ्या. ढेकळं फोडून, खडे काढून चौथा हिस्सा गाळ भरा. त्यावर पावसाचं किंवा आरओचं पाणी, म्हणजे एकूण उंची २० सेंटिमीटरच्या आसपास येईल. चिमूटभर कपडे धुण्याची पावडर टाका आणि रात्रभर भिजू द्या. सकाळी दहा मिनिटं जोरात हलवा, सपाट जागी ठेवा आणि फोनवर स्टॉपवॉच लावा. एक मिनिटानं तळाशी बसलेल्या थराच्या वर खूण करा, ती रेती. बारा तासांनी दुसरी खूण, दोन खुणांच्या मधला पोयटा. त्यानंतरही पाण्यात तरंगत राहतं ती चिकणमाती, ती बसायला काही दिवस लागू शकतात.

या वेळा मे महिन्यातल्या पाण्यासाठी आहेत, म्हणजे ३५ अंशांच्या आसपास. गरम पाणी पातळ असतं, कण लवकर बुडतात. हिवाळ्यात, २० अंशांच्या पाण्यात, मिनिटाच्या जागी दीड मिनिट आणि बारा तासांच्या जागी पंधरा-सोळा तास धरा. चिकणमातीचा थर फुगीर बसतो, म्हणून तो असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. आणि रेतीच्या थरात तळाजवळचा थोडा पोयटा येतोच. अंदाजासाठी एवढं पुरतं.

साबणाची पावडर कशाला? काळ्या मातीचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. गोळा रेतीसारखा धाडकन खाली बसतो आणि चांगला चिकण गाळ तुम्हाला रेताड वाटतो. प्रयोगशाळेत याच कामाला सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट वापरतात. बोअरच्या जड पाण्यानं उलटं होतं, कण जास्तच गोळा होतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो, त्यात हेच घडतं: एरवी दिवसेंदिवस तरंगणारे कण गोळे होऊन थोड्या वेळात तळाला जातात.

हाच मुद्दा खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या गावांत, फार महत्त्वाचा आहे. तिथल्या मातीत सोडियम जास्त. सोडियम कणांना एकमेकांपासून सुटं करतं. सुटे कण मातीतली छिद्रं बुजवतात आणि पाणी मुरत नाही. जिप्समचा उपाय सांगतात तो याचसाठी: त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि कण पुन्हा गोळा होतात. तेव्हा तिकडचा गाळ उचलण्याआधी आणखी एक तपासणी करा. वाळलेलं छोटं ढेकूळ पेल्यातल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडा. यात साबण नको आणि हलवायचंही नाही. ढेकूळ नुसतं विरघळून ढीग झालं तर ठीक. पण भोवती दुधासारखा ढग पसरला तर गाळ चोपण असण्याची शंका घ्या आणि वावरात टाकण्याआधी माती परीक्षण करून घ्या. कृषी विज्ञान केंद्रात विचारा, नाहीतर अकोल्याचं कृषी विद्यापीठ आहेच.

निर्णय आपल्या जमिनीवर ठरतो. बरड, मुरमाड वावर असेल तर पोयटा आणि चिकणमातीचा गाळ सोनं, कारण तो ओल धरतो. आधीच भारी काळी जमीन असेल तर आणखी चिकण गाळानं निचरा बिघडेल. आणि बाटलीत अर्ध्याहून जास्त रेतीच दिसली, तर ट्रॉली नाल्याच्या तोंडाशी भरू नका, भिंतीकडं सरका आणि तिथला नमुना पुन्हा बाटलीत घाला. एका ट्रॉलीच्या भाड्यापुढं एक बाटली आणि एक दिवस म्हणजे काहीच नाही.

तुमच्या तलावातल्या बाटलीचा फोटो पाठवा, खुणांसकट. कुठल्या जागेचा नमुना आणि किती वेळानं काढलेला, तेवढं लिहा. भेटू पुढच्या भागात.