आईने अन्नपाणी सोडलं, तरी मुलाने धर्म सोडला नाही. कुराण यावर काय सांगतं?

पैठणच्या संत एकनाथांच्या घरातला वाद अनेकांनी ऐकलेला असतो. नाथांनी मराठीत प्रवचन करणं त्यांचा मुलगा हरिपंडित यांना मान्य नव्हतं. कथेनुसार ते रागाने काशीला गेले. नाथ त्यांना आणायला गेले आणि मराठी प्रवचन थांबवण्याची अटही त्यांनी मान्य केली. पुढे हरिपंडितांनाच आपली चूक उमगली.

श्रद्धा की घरचं माणूस? सातव्या शतकात मक्केतल्या साद इब्न अबी वक्कास यांच्यापुढेही हाच पेच होता.

नेमकं काय घडलं?

साद यांनी तरुणपणीच इस्लाम स्वीकारला. 'सहीह मुस्लिम' या हदीस संग्रहानुसार, ते धर्म सोडत नाहीत तोवर बोलणार नाही, खाणार-पिणार नाही, अशी शपथ त्यांच्या आईने घेतली. आई-वडिलांचं ऐकावं असं तुझाच धर्म सांगतो ना, असा तिचा सवाल होता. तीन दिवसांनी ती बेशुद्ध पडली. उमारा या दुसऱ्या मुलाने तिला पाणी पाजलं. साद मात्र ठाम राहिले.

मग कुराण काय सांगतं?

या प्रसंगाशी सूरह लुकमानची 15वी आयत जोडली जाते. तिचा आशय असा: अल्लाहसोबत इतरांना पूजण्याचा आग्रह आई-वडिलांनी धरला, तर ते ऐकू नका, पण या जगात त्यांच्याशी चांगलंच वागा. म्हणजे नकार आग्रहाला आहे, नात्याला नाही.

नाथांनी माघार घेतली, साद यांनी घेतली नाही. पण विरोध करणाऱ्या आपल्या माणसाला तोडायचं नाही, हे दोन्हीकडे सारखंच आहे.