तलावाकाठचे घर आणि पुराची रेषा

तलावाच्या काठी आपले टुमदार घर असावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु अशा जागेचा व्यवहार पुष्कळदा हिवाळ्यात अगर उन्हाळ्यात ठरतो. त्या वेळी दिसतो तो ओसरलेला तलाव. भाद्रपदातील तुडुंब तलाव खरेदीदाराने पाहिलेलाच नसतो.

२३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीच्या पात्रात पाणी मावेना आणि खालच्या वसाहतींतील घरांत ते शिरले. झोपेतील कुटुंबांना बाहेर काढावे लागले, प्राणहानीही झाली. धोका केवळ पाण्यालगतच्या घरास नसून सांडव्याच्या वाटेवरील घरासही असतो, हे या घटनेने दाखवून दिले.

प्रत्येक तलावास दोन पातळ्या असतात. सांडव्याच्या माथ्यापर्यंत पाणी आले म्हणजे ती पूर्ण संचय पातळी होय. मात्र सांडव्यावरून पाणी वाहण्यासाठी ते माथ्याहून वर चढावेच लागते. मोठ्या पुरात ते जेथवर चढेल असे अभियंते धरतात, ती महत्तम पूर पातळी. सांडवा गाळाने, झुडपांनी वा अतिक्रमणाने तुंबला, तर पाणी याहूनही वर जाऊ शकते.

नदीकाठासाठी राज्याच्या पाटबंधारे विभागाने १९८९ मध्ये निळ्या व लाल पूररेषांची पद्धत घालून दिली. निळी रेषा सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र बांधकामास निषिद्ध, तर दोहोंमधील क्षेत्र नियंत्रित मानले जाते. 'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ पुढील शंभर वर्षे निश्चिंती असा नव्हे. अशा पुराची शक्यता दरवर्षी शेकडा १ असते. घर ३० वर्षे वापरले, तर त्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता शेकडा २६ होते. २५ वर्षांच्या पुराबाबत हेच प्रमाण शेकडा ७१ आहे.

म्हणून खरेदीपूर्वी पुढील गोष्टी पडताळाव्यात : सात-बारा उतारा व अकृषिक परवानगी, विकास आराखड्यातील पूररेषा, जोत्याची उंची महत्तम पूर पातळीच्या वर आहे किंवा कसे, सांडव्याचे पाणी कोणत्या ओढ्याने जाते आणि तो ओढा आज मोकळा आहे काय. जलाशयाचे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन शासन हंगामापुरती भाडेपट्ट्याने देते. ती घरासाठी विकत मिळते, अशा बोलण्यावर विश्वास ठेवू नये.

या कामी ग्रामपंचायतींचे साहाय्य मोलाचे ठरेल. आजवरच्या पुराच्या खुणा वृद्ध ग्रामस्थांस विचारून शाळेच्या वा चावडीच्या भिंतीवर ठळक रंगवाव्यात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून सांडव्याच्या वाटेचा नकाशा काढून घ्यावा. आयुष्यभराची पुंजी घरात घालणाऱ्या कुटुंबास ती खूण वेळीच दिसली, तर व्यवहार होण्यापूर्वीच ते सावध होईल.