मॅच टीव्हीवर, ताण छातीवर

आयपीएलच्या दिवसांत रात्री साडेअकरानंतर पुंडलिकनगरच्या रस्त्यावर वेगळीच वर्दळ असते. दुकानांची शटर खाली आलेली असतात, पण चहाच्या टपरीसमोर आठ-दहा दुचाकी उभ्याच असतात. कुणी वाळूजच्या कंपनीतली दुसरी पाळी संपवून आलेला असतो, त्याने अर्धा सामना बसमध्ये मोबाइलवर पाहिलेला असतो. कुणी नळाला पाणी येईल म्हणून जागा असतो. सामना संपलेला असतो आणि खरी मॅच आता सुरू होते.

"बुमराहला आधी द्यायला पाहिजे होतं. त्याच्या ओव्हर ठेवून काय लोणचं घालायचं होतं का?"

"आधीच संपवल्या असत्या तर शेवटी कोण टाकणार होतं, तू?"

"काका, मी तर पहिल्याच ओव्हरला म्हणलं होतं, आज काही खरं नाही."

२०२४ च्या हंगामात हा वाद मराठी मुलखातल्या जवळपास प्रत्येक कट्ट्यावर झाला. मुंबई इंडियन्सला पाच वेळा विजेतेपद मिळवून देणाऱ्या रोहित शर्माऐवजी हार्दिक पंड्याकडे कर्णधारपद गेले होते आणि घरोघरी दोन तट पडले होते. २७ मार्च २०२४ रोजी हैदराबादमध्ये सनरायझर्सने मुंबईविरुद्ध ३ बाद २७७ धावा कुटल्या. पहिल्या १० षटकांतच १४८ धावा निघाल्या आणि तेवढ्या वेळात बुमराहच्या वाट्याला एकच षटक आले. मुंबईनेही २४६ पर्यंत मजल मारली, पण सामना ३१ धावांनी गेला. हंगामाअखेर १४ पैकी फक्त ४ सामने जिंकून संघ तळाला, म्हणजे दहाव्या क्रमांकावर राहिला.

त्याच सामन्याच्या वेळी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात रोहित बाद झाल्यावरच्या बोलण्यावरून वाद पेटला. मारहाणीत एका ज्येष्ठ क्रिकेटप्रेमीच्या डोक्याला जबर दुखापत झाली आणि काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. ही घटना टोकाची आहे. बहुतेक कट्ट्यांवरचा वाद चहा संपला की संपतो. पण टीव्हीवर पाहिलेला खेळ माणसाच्या मेंदूवर आणि हृदयावर किती खोल परिणाम करतो, हे समजून घ्यायला एवढे कारण पुरेसे आहे.

'मला माहीत होतं' हे मेंदूचे काम

सामना हरल्यावर जवळपास प्रत्येकाला वाटते की, असे होणार हे आपल्याला आधीच कळले होते. हा खोटेपणा नसतो. माणसाची स्मृती तशीच चालते.

बारूक फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये याची तपासणी केली. त्याने लोकांना १८१४ च्या सुमारास झालेल्या इंग्रज-गुरखा संघर्षाची माहिती वाचायला दिली. काहींना शेवट सांगितला नाही. काहींना वेगवेगळे शेवट सांगितले: इंग्रज जिंकले, गुरखे जिंकले, बरोबरी झाली. मग प्रत्येकाला विचारले, ही माहिती पाहता काय घडण्याची शक्यता किती होती? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच आधीपासून जास्त शक्य वाटत होता. निकाल कळला की मेंदू मागे जाऊन सगळ्या घटनांची जुळणी नव्याने करतो आणि ती केल्याचे आपल्याला कळत नाही. मराठीत याला पश्चातबुद्धी हा नेमका शब्द आहे.

बुमराहचेच उदाहरण घ्या. टी-ट्वेंटीत एका गोलंदाजाला चारच षटके मिळतात. ती सुरुवातीला वापरावीत की शेवटाला राखावीत, हा प्रत्येक कर्णधारापुढचा पेच असतो. हैदराबादमध्ये त्याला मागे ठेवले, सामना हरला आणि तो निर्णय वेडेपणाचा ठरला. तीन महिन्यांनी, २९ जून २०२४ रोजी, बार्बाडोसमध्ये विश्वचषकाचा अंतिम सामना होता. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या आणि सहा गडी शिल्लक होते. तिथे बुमराहची शेवटासाठी राखलेली षटके कामी आली, भारत सात धावांनी जिंकला आणि तीच गोष्ट हुशारी ठरली.

दोन्ही दिवसांची परिस्थिती अगदी सारखी नव्हती, हे खरे. हैदराबादमधल्या निर्णयावर टीका करण्यासारखे बरेच होते. पण टपरीवरचा निवाडा बहुतेक वेळा निर्णयावर होत नाही, निकालावर होतो. त्या अंतिम सामन्यात क्लासेनला बाद करणारा आणि शेवटचे षटक टाकणारा गोलंदाज हार्दिक पंड्याच होता. ज्या वानखेडेवर एप्रिलमध्ये त्याची हुर्यो उडवली गेली, तिथेच ४ जुलैच्या विजयसोहळ्यात त्याच्या नावाचा जयघोष झाला. कट्ट्यावरही अनेकांना तेव्हा आठवत होते की, आपण हार्दिकच्याच बाजूने होतो.

एकच सामना, दोन डोळे

दुसरी गंमत अशी की, भांडणाऱ्या दोघांनी सामनाही एकच पाहिलेला नसतो. १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांमध्ये अमेरिकी फुटबॉलचा फार धसमुसळा सामना झाला. नंतर अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कॅन्ट्रिल या संशोधकांनी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना त्याच सामन्याची फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या खेळाडूंनी केलेले नियमभंग प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना सरासरी ९.८ दिसले, तर डार्टमथच्या विद्यार्थ्यांना ४.३. फिल्म एकच होती. पायचीतच्या निर्णयावर "डोळे फुटले का याचे?" असे आपण समोरच्याला विचारतो, तेव्हा तोही आपल्याबद्दल तेच म्हणत असतो आणि दोघेही प्रामाणिक असतात.

भाषेतही हे उमटते. जिंकलो की "आपण जिंकलो" आणि हरलो की "मुंबई हरली". रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांच्या बोलण्यात हाच फरक नोंदवला. संघ जिंकला की त्यांच्या तोंडी 'आम्ही' जास्त यायचे. संघाचे यश हे माणसाला स्वतःचे वाटते. म्हणूनच संघावरची टीका त्याला स्वतःवरची वाटते आणि साध्या थट्टेवर हात उचलला जातो.

शरीर मैदानात असते

खुर्चीत बसलेल्या माणसाचे शरीरही बसलेले नसते. शेवटच्या षटकात ॲड्रेनलिन वाढते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो. १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने इटलीला पेनल्टीवर हरवले. तो सामना टीव्हीवर पाहणाऱ्या काही पुरुष चाहत्यांची लाळ सामन्याआधी आणि नंतर तपासली गेली. ब्राझीलच्या चाहत्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढले होते, इटलीच्या चाहत्यांमध्ये घटले होते. चाहत्यांची संख्या लहान होती, पण खेळाडूंमध्ये जसा बदल दिसतो तसाच तो प्रेक्षकांत दिसला.

निरोगी तरुणाला हा ताण सहज पेलतो. प्रश्न असतो तो ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आधीच चरबीचे थर साचले आहेत त्यांचा. रक्तदाब एकदम चढला की त्या थरावरचे पातळ आवरण फाटू शकते. ताणाच्या संप्रेरकांमुळे रक्तातल्या बिंबिका जास्त चिकट झालेल्या असतात. फाटलेल्या जागी गुठळी होते, रक्तवाहिनी बंद पडते आणि हृदयविकाराचा झटका येतो. काहींमध्ये हृदयाचे ठोकेच बिघडतात.

याचा सर्वांत बोलका पुरावा जर्मनीतून आला. २००६ चा फुटबॉल विश्वचषक तिथेच झाला होता. म्युनिक आणि आसपासच्या भागात तातडीच्या डॉक्टरांकडे आलेल्या हृदयाच्या तक्रारींची नोंद संशोधकांनी केली आणि २००८ मध्ये ती प्रसिद्ध केली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी अशा तक्रारी इतर दिवसांच्या २.६६ पट होत्या, पुरुषांमध्ये ३.२६ पट आणि स्त्रियांमध्ये १.८२ पट. सर्वाधिक रुग्ण सामना सुरू झाल्यावरच्या पहिल्या दोन तासांत आले. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता, त्यांच्यात हे प्रमाण चौपट झाले होते. जर्मनीने त्या स्पर्धेत बहुतेक सामने जिंकले होते, तरीही हे घडले. म्हणजे केवळ पराभवाचे दुःख नव्हे, तर चुरशीचा ताणही हृदयाला जड जातो.

इंग्लंडमध्ये ३० जून १९९८ रोजी अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर हरल्यानंतर त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस झटक्याचे रुग्ण २५ टक्क्यांनी वाढले. उलट त्याच वर्षी १२ जुलैला फ्रान्सने मायदेशी विश्वचषक जिंकला, त्या दिवशी तिथे झटक्याने होणारे मृत्यू कमी झाल्याचे आढळले. शास्त्राचे उत्तर असे एका ओळीचे नाही. 'अडीच पट' याचा अर्थही नीट समजून घ्यावा. कोणत्याही एका दिवशी एका माणसाला झटका येण्याची शक्यता मुळात फार लहान असते. ती अडीच पट झाली तरी बहुतेक प्रेक्षक सुखरूप घरी झोपतात. काळजी घ्यायची ती मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा जुना हृदयविकार असलेल्यांनी. भारतीयांमध्ये हा आजार पाश्चात्त्यांपेक्षा काही वर्षे लवकर येतो, त्यामुळे पंचेचाळिशीतल्या माणसानेही स्वतःला त्यातून वगळू नये.

मॅचच्या रात्री काय बिघडते

ताण एकटा येत नाही. संध्याकाळच्या सामन्याचा पहिला चेंडू साडेसातला पडतो आणि शेवटचा अकराच्या पुढे. तोवर जेवण लांबते, शेव-चिवडा आणि भज्यांतून मीठ पोटात जाते, दर दोन षटकांनी तंबाखूचा बार भरला जातो. निकोटिनही नाडी आणि रक्तदाब वाढवते, म्हणजे एकाच वेळी दोन चाबूक. रात्रीची रक्तदाबाची गोळी विसरते. मधुमेहाची जेवणाआधीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण दुसऱ्या डावापर्यंत ढकलले, तर साखर एकदम उतरू शकते. घाम, हातांची थरथर, गोंधळ ही लक्षणे मग सामन्याच्या उत्तेजनात लपून जातात. नंतर तासभर वाद, एक-दोन कडक चहा आणि सकाळी सहाची पाळी. सलग दोन महिने अशी अपुरी झोप झाली की रक्तदाब आणि साखर दोन्ही हट्टी होतात.

सर्वांत धोकादायक असते ते थांबणे. छातीत मधोमध दाब किंवा जडपणा, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, दम लागणे, गार घाम ही झटक्याची लक्षणे आहेत. स्त्रियांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये काही वेळा दुखणे फारसे नसते. तेव्हा नुसता थकवा, मळमळ किंवा धाप असू शकते. "भज्यांची ॲसिडिटी असेल" किंवा "एवढी ओव्हर होऊ दे" म्हणून घालवलेल्या वेळात हृदयाचा स्नायू मरत असतो. अशा वेळी १०८ ला फोन करावा किंवा कुणीतरी रुग्णाला जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. रुग्णाने स्वतः दुचाकी चालवत जाऊ नये.

वाद घाला, पण जरा बेताने

क्रिकेट पाहू नका, वाद घालू नका, असे सांगण्यात अर्थ नाही आणि ते योग्यही नाही. माणसांशी जोडलेले असणे आरोग्याला चांगलेच असते. निवृत्त झालेला, मुले पुण्या-मुंबईला असलेला माणूस रोज रात्री कट्ट्यावर येऊन बुमराहवर भांडतो, त्याचे तेवढे दोन तास एकटेपणाबाहेर जातात. हा लाभ टिकवायचा आहे.

त्यासाठी गोष्टी साध्या आहेत. गोळ्या आणि जेवण नाणेफेकीच्या आधी उरकावे. तंबाखू बंद करण्यासाठी पहिल्या चेंडूपासूनच सुरुवात करावी. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांनी अटीतटीची षटके एकट्याने पाहू नयेत, कुणाच्या सोबतीने पाहावीत, आणि छाती धडधडू लागली तर दोन षटके बाहेर फेरी मारून यावी. स्कोअर नंतरही कळतो. वाद चढला आणि आवाज वाढला की घोटभर पाणी पिऊन विषय बदलणे यात कमीपणा नाही.

आणि पश्चातबुद्धीवर एक उपाय आहे, खर्च शून्य. पंधरावे षटक संपले की प्रत्येकाने पुढचे षटक कुणाला द्यावे आणि किती धावा जातील हे चहाच्या पुड्याच्या कागदावर लिहून टपरीवाल्याकडे द्यावे. सामना संपला की कागद उघडावेत. काही रात्री हा खेळ केला की 'मी आधीच म्हणलं होतं' म्हणणारे आपोआप कमी होतात. ज्याचा अंदाज बरोबर निघेल त्याचा चहा बाकीच्यांनी द्यावा, बिनसाखरेचा असला तर उत्तम.