तबल्यासाठी छोटा कंडेन्सर मायक्रोफोन निवडताना

वाराणसी : खुले बोल आणि डग्ग्याचा भरदार घुमारा ही बनारस घराण्याच्या तबलावादनाची ओळख. पंडित राम सहाय यांनी एकोणिसाव्या शतकात रुजवलेली ही वादनपरंपरा गुरूसमोर बसून शिकण्याची आहे. मात्र आता दूरच्या शहरांतील शिष्य घरी केलेल्या रियाजाचे ध्वनिमुद्रण गुरूंकडे पाठवतात आणि नेमका घुमाराच मोबाइलच्या मायक्रोफोनमध्ये हरवतो. हाताचा दोष की यंत्राचा, हे मग ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही.

अशा कामासाठी छोट्या पडद्याचे कंडेन्सर मायक्रोफोन उपयुक्त ठरतात. त्यांचा पडदा साधारण अर्ध्या इंचाचा असतो. तो हलका असल्याने चाटेवरील ‘ना’सारखा क्षणिक आघातही स्पष्ट टिपला जातो. तबल्याच्या बाबतीत ही स्पष्टता विशेष महत्त्वाची आहे. शाईमुळे तबल्याचे उपस्वर मूळ स्वराशी सुसंवादी होतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले होते. हे उपस्वर विस्कटले की ‘ना’ आणि ‘तिं’ यांतील फरकच पुसट होतो.

निवड करताना बहुतेकांचे लक्ष किमतीवर आणि नावावर जाते. खरे तर बाजूने येणारा आवाज मायक्रोफोन कसा टिपतो, हे आधी तपासावे. एकल वादनात शेजारीच हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा सुरू असतो. तो बाजूने मायक्रोफोनमध्ये शिरणारच. प्रश्न एवढाच, की तो स्वच्छ शिरतो की घुसमटलेला. मोठ्या पडद्याच्या तुलनेत छोटा पडदा येथे सहसा सरस ठरतो.

दोन मायक्रोफोन लावायचे असल्यास एक अडचण येते. दोहोंतील अंतर वाद्यापासूनच्या अंतराच्या तिप्पट असावे, असा ध्वनिमुद्रकांचा संकेत आहे. तबला आणि डग्गा यांच्या मध्यबिंदूंत जेमतेम फूटभर अंतर असते. म्हणजे प्रत्येक मायक्रोफोन चार इंचांवर आणावा लागेल. तेथे हात आडवा येतो. शिवाय एकदिश मायक्रोफोन इतका जवळ नेल्यास खालचे स्वर फुगतात आणि डग्ग्याची मींड नुसती गुरगुरते. त्यापेक्षा जुळवलेली जोडी घेऊन दोहोंची तोंडे एकमेकांलगत, ९० अंशांच्या कोनात ठेवावीत आणि ती दीड फुटावर, किंचित वरून लावावीत. आवाज दोहोंत जवळजवळ एकाच वेळी पोहोचत असल्याने मोबाइलच्या एकाच स्पीकरवर ऐकतानाही बोल पोकळ होत नाहीत. गिटारसाठीही हीच जोडी चालते. फक्त तिचा रोख ध्वनिछिद्राकडे न ठेवता मान आणि पेटी जेथे जुळतात तेथे ठेवावा.

छोट्या पडद्याचा अंगभूत खरखराट मोठ्यापेक्षा काहीसा अधिक असतो. तथापि गल्लीतील भोंगे आणि छताचा पंखा ज्या खोलीत ऐकू येतात, तेथे दोन-तीन डेसिबलसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. तीच रक्कम जाड पडदे आणि सतरंज्यांवर खर्च केलेली बरी.

या मायक्रोफोनना ४८ व्होल्टचा वीजपुरवठा लागतो. तो देणारे ध्वनिमुद्रण यंत्र आपल्याकडे आहे की नाही, हे खरेदीपूर्वी पाहावे. गंगाकाठच्या पावसाळी दमटपणात पडद्यावर ओल धरून चरचर ऐकू येऊ लागते; त्यामुळे वापरानंतर मायक्रोफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावेत.