वकिलातीविना सुटका : तेलो मस्कारेन्हस यांचे प्रकरण

परदेशी तुरुंगातल्या पत्रकारासाठी सरकारपुढे पहिला मार्ग असतो तो वकिलातीचा : कैद्याची भेट, वकिलाची सोय, निषेधाचा खलिता. हा मार्गच बंद असेल तर काय होते, ते मुंबईहून ‘रेसुर्ज गोवा’ काढणारे संपादक तेलो मस्कारेन्हस यांच्या प्रकरणातून कळते.

गोवामुक्तीपूर्वीच पोर्तुगीजांनी त्यांना पकडून पोर्तुगालच्या तुरुंगात टाकले. भारताने लिस्बनमधील वकिलात 1953 मध्ये बंद केली होती. 1955 मध्ये राजनैतिक संबंधही तुटले. शिवाय पोर्तुगालच्या लेखी गोमंतकीय हा पोर्तुगीज नागरिकच. मग भारताने विचारणा करायची ती कोणत्या नात्याने?

डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला. पुढच्याच वर्षी भारताने तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी परत पाठवले. देवघेवीचे सर्वांत मोठे साधन हातून गेले. मस्कारेन्हस आणि सांगलीचे स्वातंत्र्यसैनिक मोहन रानडे मात्र तुरुंगातच राहिले.

वाट निघाली ती आडमार्गाने. रानड्यांसाठी गायक-संगीतकार सुधीर फडके झटले. 1968 मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोप सहावे पॉल यांच्याकडे शब्द टाकला. कॅथलिक पोर्तुगालात व्हॅटिकनच्या शब्दाला वजन होते. त्याच वर्षी सालाझारची सत्ताही संपली होती. जानेवारी 1969 मध्ये रानडे सुटले, 1970 मध्ये मस्कारेन्हस.

1899 साली जन्मलेल्या या संपादकाने तोवर सत्तरी गाठली होती. दोन्ही देशांचे संबंध पुन्हा जुळले ते 1974 च्या अखेरीस. जिथे सरकारे बोलत नव्हती, तिथे मध्यस्थांनी दार उघडले. पण त्यासाठी लागलेली वर्षे कैद्याच्याच आयुष्यातून वजा झाली.