घागरा नव्हे, किल्ट!

मंडळी, गुडघ्यापर्यंतचा चुणीदार किल्ट नेसलेला स्कॉटिश माणूस चित्रात पाहिला, की आपली मुलं खुदकन हसतात. "बाप्यानं घागरा घातलाय!" म्हणतात. गुरुजी, त्यांना हसू द्या; पण मग एवढं जरूर सांगा, की हा पोशाख केला म्हणून एके काळी माणसं तुरुंगात जात होती.

स्कॉटलंड म्हणजे ब्रिटनचा उत्तरेकडचा मुलूख. त्याच्या डोंगराळ भागाला हायलँड म्हणतात. तिथली माणसं 'क्लॅन'मध्ये बांधलेली. क्लॅन म्हणजे आपल्याकडचं कूळच म्हणा ना! गेलिक भाषेत या शब्दाचा अर्थ 'लेकरं'. त्यांच्या चौकडीच्या लोकरी कापडाला टार्टन म्हणतात. पूर्वी ते लांबरुंद वस्त्र कमरेला पट्ट्यानं आवळायचं, उरलेलं खांद्यावर टाकायचं. रात्री तेच पांघरूण. आपल्या धनगराची घोंगडीच जणू!

१७४५ साली हायलँडमधल्या कित्येक कुळांनी राजाविरुद्ध बंड केलं. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर त्यांचा मोड झाला. मग कायदा आला: सरकारी फौजेतले शिपाई सोडून कोणा पुरुषानं हा पोशाख करायचा नाही. पहिल्या खेपेला सहा महिने कैद, दुसऱ्या खेपेला सात वर्षं काळं पाणी! १७८२ साली बंदी उठली खरी, पण तोवर एक पिढी त्या पोशाखावाचून वाढली होती.

पुढे १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, आणि तिथं स्वतःच किल्ट नेसला! ज्याच्या अमलात बंदी आली, त्या दुसऱ्या जॉर्जचा हा पणतू. या स्वागताची आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांची. अमक्या कुळाचं अमकं टार्टन, ही वाटणीही बहुतांशी त्याच शतकात पक्की झाली.

मग ही परंपरा खोटी का? मुळीच नाही. ब्रेमार गावी सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी जत्रा भरते, तिथं पाहावं. बॅगपाइप घुमतात, नाच होतात, आणि गडी भलामोठा ओंडका उभा उचलून उलटा फेकतात. तो किती लांब गेला हे मोजत नाहीत बरं का. कोलांटी खाऊन सरळ पडला का, ते पाहतात. कॅनडा-अमेरिकेत गेलेल्यांचे वंशजही असेच मेळे भरवतात.

कापडाची वीण जुनी असो की नवी, ते अंगावर घेतलं की दूरदूरची माणसं एका कुळाची होतात. म्हणून तर सरकारला त्या कापडाची भीती वाटली होती!