पंक्चर काढावे की टायर बदलावा?

क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, अकोले तालुक्यातील डोंगरांपासून जामखेडच्या माळरानापर्यंत सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरवर पसरलेला असून, त्याच्या १४ तालुक्यांत वस्तीवरून दूध संकलन केंद्रावर, शेतातून बाजार समितीत किंवा गावातून महाविद्यालयात पोहोचण्याचे हक्काचे साधन मोटारसायकल हेच आहे. अशा जिल्ह्यात टायर पंक्चर होणे ही नित्याची बाब असल्यामुळे पंक्चर काढून पुढे निघण्याची सवय अंगवळणी पडली आहे, आणि टायर दुरुस्त करण्याजोगा राहिला आहे की नाही, हा प्रश्न बहुधा तो भर रस्त्यात फुटल्यावरच विचारला जातो. दुकानात विचारपूस होते ती छिद्र केवढे आहे आणि आधी किती पंक्चर निघाली आहेत याची. वास्तविक निर्णय मुख्यतः दोन गोष्टींवर ठरायला हवा, एक म्हणजे छिद्र टायरच्या कोणत्या भागात पडले आणि दुसरी म्हणजे हवा गेल्यानंतर ते चाक ओझ्याखाली किती अंतर फिरले. यांपैकी दुसऱ्या गोष्टीचा पुरावा टायरच्या आतल्या बाजूला असतो, त्यामुळे टायर रिमवरून न उतरवता दिलेला कोणताही निर्वाळा अर्धवटच ठरतो.

जिल्ह्यातील पंक्चरांची कारणे येथील जमिनीशी आणि शेतीशी निगडित आहेत. पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर या कमी पावसाच्या तालुक्यांत बाभूळ आणि वेडी बाभूळ बांधाबांधावर आणि रस्त्याच्या कडेला माजलेली असते, शेताला काटेरी फांद्यांचे कुंपण घालण्याची रीत आहे, आणि त्या फांद्या ओढून नेताना गळलेले काटे पायवाटांवर व गाडीवाटांवर पडून राहतात. वाळलेला काटा रबरात सरळ शिरतो आणि त्याचा बाहेरचा भाग मोडून पडल्यामुळे टोक तेवढे आत राहते, ते वरून दिसत नाही. प्रवरेच्या आणि गोदावरीच्या कालव्यांखालील ऊसपट्ट्यात गळिताचा हंगाम सुरू झाला की बैलगाड्यांची रीघ लागते. डांबरी रस्त्यावर बैलांचे खूर झिजू नयेत म्हणून नालबंद त्यांना लोखंडी पत्र्या मारतो, आणि त्या सैल झाल्या की त्यांचे खिळे रस्त्यावर सांडतात. आडवा पडलेला खिळा पुढच्या चाकाखाली येऊन उभा राहतो आणि क्षणभराने येणाऱ्या मागच्या चाकात घुसतो, हे मागचे चाक अधिक वेळा पंक्चर होण्याचे एक कारण मानले जाते. मागच्या चाकावर भार अधिक असतो, हे दुसरे.

टायर हा निव्वळ रबराचा गोळा नसतो. त्याच्या आत नायलॉनच्या किंवा तत्सम धाग्यांचे थर असतात आणि हवेचा दाब खऱ्या अर्थाने हे धागेच पेलतात. रस्त्याला टेकणारा जाड भाग नक्षीचा, रिममध्ये घट्ट बसणारी कडा पोलादी तारेची, आणि या दोहोंना जोडणारी बाजूची भिंत त्या मानाने पातळ असते, कारण चाक फिरताना लवण्याचे काम तिला करायचे असते. १०० सीसीच्या मोटारसायकलींना सर्रास बसवला जाणारा ८०/१००-१८ या मापाचा टायर घेतला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला तो सेकंदाला साधारण साडेआठ फेरे घेतो. अहिल्यानगरहून राहुरी, कोल्हार, राहाता या मार्गे शिर्डीला पोहोचेपर्यंत त्याच्या भिंतीचा प्रत्येक भाग ४० हजारांहून अधिक वेळा दबतो आणि पुन्हा ताठ होतो. या आकड्याचा विचार केला की नक्षीतील छिद्र बुजवणे सुरक्षित का असते आणि भिंतीतील छिद्र बुजवणे धोक्याचे का असते, याचा उलगडा होतो. नक्षीचा भाग जाड आणि तुलनेने स्थिर असल्याने तेथील ठिगळ जागच्या जागी राहते, तर भिंतीवरील ठिगळाला दर फेऱ्यात ओढ बसते आणि तुटलेल्या धाग्यांच्या शेजारचे धागे जादा ताण घेऊन एकेक करून सुटू लागतात. म्हणून भिंतीत किंवा नक्षी जेथे भिंतीकडे वळते त्या खांद्यावर छिद्र पडले असेल, तर ते काट्याएवढे बारीक असले तरी टायर बदलणे हाच पर्याय उरतो.

नक्षीतील छिद्रालाही मर्यादा आहे. साधारणपणे ६ मिलिमीटरपर्यंतचे, सरळ आत गेलेले छिद्र दुरुस्त करण्याजोगे मानले जाते. पत्र्याने किंवा काचेने गेलेली लांब चीर, तिरके शिरलेले आणि आतून खांद्यापाशी निघालेले छिद्र, किंवा एकमेकांलगत पडलेली दोन-तीन छिद्रे यांची गणना त्यात होत नाही, कारण अशा ठिकाणी धाग्यांचा सलग पट्टाच तुटलेला असतो.

दुरुस्तीची पद्धत टायरमध्ये ट्यूब आहे की नाही यावर अवलंबून असते. अहिल्यानगर शहरात कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७०च्या दशकात लुना बनवायला सुरुवात केली, तेव्हा दुचाकींची चाके तारेच्या आऱ्यांची होती आणि आऱ्यांच्या भोकांतून हवा निसटत असल्यामुळे आत ट्यूब असणे अपरिहार्य होते. आजही आऱ्यांच्या बहुतेक चाकांत ती असतेच. ट्यूबला छिद्र पडले की हवा रिमच्या भोकांवाटे झपाट्याने जाते आणि गाडी काही क्षणांत बसते. अशा पंक्चरचे काम करताना कुशल कारागीर ट्यूब बाहेर काढताना व्हॉल्व्हची जागा आणि ट्यूबची दिशा ध्यानात ठेवतो, हवा भरून ती पाण्याच्या टबात दाबत फिरवतो, बुडबुडे दिसले तेथे खूण करून ट्यूब कोरडी करतो, छिद्राभोवतीचा भाग घासून खरखरीत करतो, त्यावर सोल्युशनचा पातळ थर देऊन तो बोटाला जेमतेम चिकटेल इतका सुकू देतो आणि मग पॅच दाबून बसवतो. सोल्युशन ओले असतानाच पॅच चिकटवण्याची घाई हे पॅच सुटण्याचे नेहमीचे कारण आहे. याहून महत्त्वाची पायरी पुढची असते: व्हॉल्व्हच्या खुणेवरून ट्यूबमधील छिद्र टायरच्या नेमक्या कोणत्या जागेसमोर येते ते ताडून, तेथे आतून जपून बोटे फिरवून मोडलेला काटा शोधणे. तो काटा तसाच राहिला, तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पंक्चर होते आणि दोष विनाकारण पॅचला किंवा ट्यूबला दिला जातो. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलेली किंवा जागोजागी पॅच लागलेली ट्यूब मात्र बदलणेच श्रेयस्कर, कारण तिची किंमत टायरच्या मानाने अल्प असते.

ट्यूबलेस टायरमध्ये हवा अडवण्याचे काम टायरच्या आतील अस्तर आणि रिमवर घट्ट बसलेली कडा करतात, त्यामुळे खिळा घुसला तरी तोच छिद्र अडवून धरतो आणि हवा हळूहळू जाते. हा मोठाच लाभ आहे. परंतु त्यामुळेच खिळा आहे हे कळायला उशीर होतो आणि कमी हवेवर गाडी बराच काळ चालवली जाते. रस्त्यावर मिळणारी नेहमीची दुरुस्ती म्हणजे छिद्र अवजाराने घासून मोठे करणे आणि त्यात डांबरासारखी चिकट दोरी दामटून बसवणे. टायर न उतरवता काही मिनिटांत होणारे हे काम वाटेतल्या अडचणीत उपयोगाचे असले, तरी घासताना धागे कापले जाण्याची शक्यता असते आणि आत काय बिघडले आहे ते पाहिलेच जात नाही. याउलट टायर उतरवून आतून बसवला जाणारा छत्रीच्या आकाराचा प्लग, ज्याला दुकानात ‘मशरूम’ म्हणतात, दांड्याने छिद्र भरतो आणि टोपीने आतील अस्तर झाकतो. दोरीची दुरुस्ती दुकानापर्यंत पोहोचण्यापुरती आणि मशरूमची दुरुस्ती टायरच्या उरलेल्या आयुष्यापुरती, असा भेद प्रत्येक चालकाने मनाशी पक्का करणे गरजेचे आहे. काही परदेशी टायर उत्पादक तर नीट दुरुस्त केलेल्या टायरवरही पहिले २४ तास ताशी ८० किलोमीटरची मर्यादा पाळायला सांगतात.

हवा गेल्यानंतर चाललेल्या अंतराचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आहे. निर्जन माळावर पंक्चर झाल्यावर दुकान चार-पाच किलोमीटरवर असेल, तर चालक बसल्या टायरवरच गाडी दामटतो. त्या वेळी भिंत रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चेंगरत राहते, तिचे तापमान झपाट्याने वाढते आणि आतील रबर धाग्यांपासून सुटू लागते. अशा टायरच्या आत रबराची काळी भुकटी जमलेली दिसते, भिंतीवर चहूकडून फिरलेली वळी उमटते, क्वचित धागे उघडे पडतात किंवा बाहेरून फुगा येतो. यांपैकी एकही चिन्ह दिसले तर मूळ छिद्र सुईच्या अग्राएवढे असले तरी टायर बाद समजावा. कारण तो हवा धरतो, दोन-चार दिवस निमूटपणे चालतो आणि पूर्ण भार असताना, उन्हाने तापलेल्या रस्त्यावर, एकाएकी फाटतो. गाडी ढकलत नेण्याचे कष्ट नकोसे वाटणे स्वाभाविक असले, तरी ट्यूबलेस टायरसाठी डिक्कीत हातपंप ठेवणे आणि थोडी थोडी हवा भरत, एकट्याने, धीम्या गतीने दुकान गाठणे हा त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे.

येथे भाराचा विचार ओघानेच येतो. ८०/१००-१८ या आकड्यांत ८० म्हणजे मिलिमीटरमधील रुंदी, १०० म्हणजे रुंदीच्या तुलनेत उंचीची टक्केवारी आणि १८ म्हणजे इंचांतील रिमचा व्यास. त्यापुढे लिहिलेले ४७ किंवा ५४ हे भारांक असून ते अनुक्रमे १७५ आणि २१२ किलो ही त्या एका टायरची कमाल क्षमता दर्शवतात, आणि ‘पी’ हे अक्षर ताशी १५० किलोमीटर ही वेगमर्यादा सांगते. ही क्षमता पूर्ण हवा असलेल्या, निर्दोष टायरची असते. ४० लिटरच्या भरलेल्या कॅनमध्ये दुधाचेच वजन ४१ किलोच्या आसपास भरते; असे दोन कॅन, चालक आणि गाडीचे स्वतःचे वजन मिळून मागच्या टायरवर जो भार येतो, तो पाहता दूध वाहणाऱ्या गाडीच्या बाबतीत बदलण्याचा निर्णय इतरांपेक्षा लवकर घेणे शहाणपणाचे ठरते.

पंक्चर किरकोळ असूनही टायर झिजल्यामुळे बदलावा लागतो, हीही स्थिती वारंवार येते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ प्रमाणे दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असणे बंधनकारक आहे, आणि ती ओळखता यावी म्हणून नक्षीच्या खाचांच्या तळाशी उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून उंचवट्यांच्या पातळीला आली की टायरची मुदत संपली. गोटा झालेल्या टायरमध्ये काटा सहज शिरतो, म्हणून महिन्यात दोन-तीन पंक्चर होऊ लागली तर दोष रस्त्यालाच न देता आधी नक्षी तपासावी. भिंतीवर कोरलेल्या चार अंकांवरून वय कळते: २३२२ म्हणजे २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. उन्हाने कडक होऊन भेगाळलेल्या टायरची नक्षी शिल्लक असली तरी त्यावर पंक्चरचा खर्च करू नये.

वाहनांची चाचणी करून त्यांना प्रमाणित करण्याचा अधिकार याच केंद्रीय नियमांतील नियम १२६ खाली देशातील ज्या मोजक्या संस्थांना दिलेला आहे, त्यांत अहिल्यानगर येथील वाहन संशोधन आणि विकास आस्थापना ही संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची प्रयोगशाळाही आहे. ही चाचणी मात्र नव्या नमुन्याची असते. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि एवढ्या काळात तिच्या टायरची नियमित तपासणी कोणत्याही यंत्रणेकडून होत नाही. ती व्हायचीच असेल तर पंक्चरच्या दुकानात होते. त्यामुळे या कारागिरांना आतून तपासणी करण्याचे पद्धतशीर प्रशिक्षण मिळणे आणि त्या तपासणीचे वेगळे पैसे देण्याची ग्राहकाची तयारी असणे, या दोन्ही गोष्टी अत्यंत निकडीच्या आहेत. शंभर-दीडशे रुपयांत सुटका होते म्हणून दीड-दोन हजारांचा खर्च पुढे ढकलण्याची ओढ समजण्यासारखी आहे, पण दोन्ही रकमांची तुलना अपघाताच्या खर्चाशी कधी केली जात नाही.

ट्यूबलेस टायर गळू लागला की त्यात ट्यूब घालण्याचा तोडगा ग्रामीण भागात लोकप्रिय आहे. टायर आतून निर्दोष असेल आणि केवळ रिमच्या वाकलेल्या कडेतून हवा जात असेल, तर तात्पुरती सोय म्हणून तो चालतो. परंतु भिंत फाटलेल्या टायरला ट्यूबने आधार मिळत नाही, उलट ट्यूब त्या फटीतून बाहेर येऊ पाहते आणि घर्षणाने तापून फुटते. छिद्र आपोआप बुजवणारे द्रव सीलंटही नक्षीतील बारीक काट्यांपुरतेच उपयोगी असते आणि ते भरलेले असल्यास दुकानदाराला आधीच सांगावे, म्हणजे आतील बाजू पुसून नीट पाहता येते.

टायर बदलायचा ठरला तर माप, भारांक आणि वेगाचे अक्षर गाडीच्या माहितीपुस्तिकेशी जुळवून घ्यावे, भिंतीवरील बाणाची दिशा चाकाच्या फिरण्याशी जुळते याची खात्री करावी आणि ट्यूबलेस टायरसोबत व्हॉल्व्हही नवा बसवून घ्यावा. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे पहिले दीडशे किलोमीटर त्याची पकड पूर्ण नसते, म्हणून करंजी किंवा चंदनापुरीसारख्या घाटातील वळणांवर या काळात गाडी फार झुकवू नये आणि ब्रेक हलक्या हाताने लावावेत.